‘माघ, शके १९०१’ : ग्रंथपाल बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

शिलालेखांचे अभ्यासक असलेल्या सरांवरचा मराठी विकिपीडियातला लेख आता कुणीही तपासावा इतका पक्का झाला आहे, आणि तो पक्केपणा तुमचा आहे. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही दाखवलेली रीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडून हयात व्यक्तींवर लेख लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

आधी सरांच्या पहिल्या पुस्तकाबद्दल. लेखात प्रकाशनवर्ष १९७९ होतं, सूचीकार्डावरही तेच. तुम्ही प्रत काढून शीर्षकपानाची मागची बाजू समोर धरलीत : ‘पहिली आवृत्ती, माघ, शके १९०१’. शकात ७८ मिळवले की १९७९ येतं, आणि चूक तिथेच होते. शक पाडव्याला बदलतो, इसवी सन जानेवारीत. माघ बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. वर्ष येतं १९८०. पौष तर दोन इसवी सनांच्या सांध्यावर, तिथे तिथी पाहिल्याशिवाय आकडा लिहूच नये. जुन्या मराठी पुस्तकांच्या याद्या करणाऱ्यांनी एवढं एक जरी पाळलं तरी कितीतरी चुकीची वर्षं टळतील.

कात्रणांचंही तसंच. वहीत चिकटवलेलं कात्रण म्हणजे संदर्भ नव्हे. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि मथळा, ही पाच अंगं असतील तरच दुसरा माणूस ते शोधून काढू शकतो. तारीख कापली गेलेल्या कात्रणांच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचून तुम्ही दिवसाचा अंदाज बांधलात, वृत्तपत्राच्या जुन्या अंकांच्या बांधीव फाइलशी ताडून पाहिलात आणि पेन्सिलीने तारीख-पान लिहून दिलंत. जे फाइलमध्ये सापडलं नाही ते वापरू नका, असंही ठाम सांगितलंत. ते पटायला आम्हांला वेळ लागला, पण बरोबर तुम्हीच होता.

कन्नड बातम्या आम्ही बाजूला ठेवल्या होत्या. ते चुकलं होतं. संदर्भ कुठल्याही भाषेतला चालतो. फक्त मथळा मूळ कन्नडमधून द्यायचा, भाषा नोंदवायची आणि शंका आली तर मूळ वाक्य व त्याचा मराठी अर्थ लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर ठेवायचा. तुम्ही शब्दाला शब्द लावून अर्थ दिलात, म्हणून सरांच्या शिलालेखांवरच्या कामाचा परिच्छेद उभा राहिला. नुसत्या मराठी कागदांवर तो निम्मासुद्धा झाला नसता.

गौरवग्रंथाबद्दलचा तुमचा सल्लाही मोलाचा. तो विद्यार्थ्यांनी काढलेला असतो, म्हणून नोकरीची वर्षं, पदं अशा साध्या माहितीपुरता घ्यावा. थोरवी त्यावर टेकवू नये. ‘व्यासंगी’, ‘ख्यातनाम’ ही विशेषणं गेली आणि लेख उलट भारदस्त झाला. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवणं प्रताधिकाराच्या विरुद्ध, तेही वेळेवर लक्षात आणून दिलंत. फोटोचंही तेच : वर्तमानपत्रातला उचलायचा नाही, स्वतः काढलेला मुक्त परवान्याखाली कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात, चढवायचा.

मग एका निनावी अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) संस्थेतल्या जुन्या वादाची ओळ घुसली, संदर्भाशिवाय. इतर लेखांत अशा ओळीला ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावून थांबता येतं. हयात माणसाबद्दलची बिनपुराव्याची वादग्रस्त ओळ मात्र तत्काळ काढायची, चर्चा पानावरही तो आरोप पुन्हा लिहायचा नाही आणि ती परत आली तर एकमेकांची संपादनं उलटवत न बसता प्रचालकांना (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्यांना) कळवायचं. छापील पुरावा आहे का ते तुम्ही त्या काळातल्या फाइलींत शोधून पाहिलंत. असता तर तो लेखात घ्यावाच लागला असता, आणि तुमची त्याला तयारी होती. सरांबद्दल इतका आदर असूनही. हे आम्ही विसरणार नाही.

जन्मस्थळावरून ओढाताण अजून सुरू असते. सरांचा जन्म १९४८चा, तेव्हा खानापूर मुंबई प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात गेलं, त्या राज्याचं नाव १९७३त कर्नाटक झालं. तुम्ही सुचवल्याप्रमाणे ‘खानापूर, बेळगाव जिल्हा, मुंबई प्रांत (आता कर्नाटक)’ असं लिहिलंय आणि संपादन करणाऱ्यालाच दिसेल अशी टीप आत ठेवलीय. सीमाप्रश्नावर आमचं मन काय आहे ते तुम्ही जाणता, पण तो वाद एका अभ्यासकाच्या माहितीचौकटीत (लेखाच्या कडेच्या तक्त्यात) लढायचा नाही, हे मान्य. पूर्ण जन्मतारीख काढून नुसतं वर्ष ठेवलं आहे, नातवंडांची नावंही काढली आहेत.

दुसऱ्या पुस्तकाची आवृत्ती की पुनर्मुद्रण, हे अजून पाहायचं आहे. सवड होईल तेव्हा ती प्रत काढून ठेवाल का? कात्रणांची वही तेव्हा परत आणू. पेन्सिलीच्या नोंदी पुसट होऊ नयेत म्हणून मध्ये कोरे कागद घातले आहेत.

आपले कृतज्ञ,
बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडचे विकिपीडिया संपादक