मैत्रीला तास द्यावे लागतात

संपादक महोदय,

एकटेपणावरच्या लेखांचा शेवट ठरलेला असतो: ‘लोकांत मिसळा’. कुठे, किती वेळा आणि मिसळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५चा अहवाल सांगतो. एवढ्या लोकांची एका वाक्यावर बोळवण करणे बरे नव्हे. मोठेपणी मैत्री कशी जुळते याचा बराचसा हिशेब मांडता येतो, म्हणून हे पत्र.

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतेच स्थलांतर केलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारले. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात गेलेले दिसले. हे आकडे ढोबळ आहेत, पण ते हाताशी धरून गणित करून पाहावे. वाचन, गाणे अशा एखाद्या आवडीसाठी महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या गटात ५० तास भरायला दोन वर्षे उलटतात. आठवड्याला दीड तास भेटले तर आठ महिने आणि आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास भेटले तर तीन महिने पुरतात. म्हणून गट निवडताना विषय किती आवडतो याच्याआधी तो किती वेळा भेटतो हे विचारावे. शाळा-कॉलेजात हे तास न मागता मिळत होते. नोकरीतही माणसे दिवसभर सोबत असतात, पण नुसते शेजारी बसून काम केल्याने जवळीक फारशी वाढत नाही, असे याच अभ्यासात दिसले. कामाबाहेरच्या गप्पा आणि निवांत वेळ यांनी ती वाढते.

बहुतेक लोक दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर ‘इथे आपले कोणी नाही’ म्हणत गट सोडतात. तो फार लवकर घेतलेला निर्णय असतो. मोरलँड आणि बीच या संशोधकांनी १९९२ मध्ये दिसायला साधारण सारख्या चार तरुणींपैकी एकीला एका वर्गात १५ वेळा, दुसरीला १०, तिसरीला ५ वेळा बसवले. चौथी वर्गात गेलीच नाही. या तरुणींनी वर्गात कोणाशीही बोलायचे नाही, फक्त येऊन बसायचे. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांना चौघींची छायाचित्रे दाखवली, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. नुसता चेहरा ओळखीचा होण्यानेही एवढा फरक पडतो. निदान दहा भेटी होईपर्यंत गटाबद्दल मत बनवू नये.

गट आठ ते पंधरा जणांचा असावा. व्याख्यानाला शंभर माणसे एकाच दिशेला तोंड करून बसतात आणि संपताच पांगतात. त्यातून ओळख होत नाही. समूहगान, नाटकाची तालीम, भाषेचा वर्ग, वृक्षलागवड, वाचनगट असे काम निवडावे, ज्यात मध्येमध्ये थांबायला जागा असते. ऐकायला कमी येत असेल तर गोंगाटाची जागा टाळावी. नाहीतर माणूस कसनुसे हसत बसतो आणि थकून घरी जातो. दहा मिनिटे आधी पोहोचावे, संपल्यावर पंधरा मिनिटे रेंगाळावे. खरी ओळख याच वेळात होते. खुर्च्या मांडणे, हजेरी घेणे असे एखादे काम अंगावर घेतले तर प्रत्येकाशी बोलायला निमित्त मिळते. घरी जाताना नाव आणि त्या व्यक्तीने सांगितलेली एक गोष्ट टिपून ठेवावी. पुढच्या वेळी ‘मुलीची परीक्षा कशी गेली?’ असे विचारता येते.

यानंतरची पायरी सगळ्यात अवघड, आणि बहुतेक ओळखी इथेच अडकून पडतात. गटाबाहेर भेटल्याशिवाय गटातली ओळख पुढे सरकत नाही. ‘कधीतरी भेटू या’ हे आमंत्रण नव्हे. त्यात पुढचे पाऊल कोणी उचलायचे हेच ठरत नाही. वार, वेळ, जागा आणि किती वेळ हे सांगावे: ‘शनिवारी दहा वाजता मी ग्रंथालयात पुस्तके बदलायला जाणार आहे, तासाभराचे काम आहे. येता का? नाही जमले तरी हरकत नाही.’ आपण तसेही जे करणार आहोत त्यात बोलावले की समोरच्यावर दडपण येत नाही. दोघांऐवजी तिघे असले तर आणखी सोपे. ‘या शनिवारी नाही, पुढच्या चालेल का?’ असे उत्तर आले तर तो होकारच समजावा. दुसरा दिवस न सुचवता दोनदा नकार आला, तर महिना-दोन महिने विषय काढू नये आणि दुसऱ्या कोणाला विचारावे. मात्र गटातले बोलणे आधीसारखेच मोकळे ठेवावे. पहिल्या बोलण्यानंतर ‘मी त्यांना आवडलो नसेन’ असे वाटते, त्यावर फार विश्वास ठेवू नये. पहिल्या गप्पांनंतर माणसे, आपण समोरच्याला किती आवडलो, हे प्रत्यक्षापेक्षा कमीच धरतात, असे २०१८ मधल्या आणखी एका संशोधनात आढळले.

मन मोकळे करण्यातही बेताने जावे. पहिल्याच भेटीत सगळे दुःख ओतले तर समोरचा गांगरतो. उलट, नुसते प्रश्नच विचारत राहिले आणि स्वतःबद्दल काहीच सांगितले नाही, तर त्याला उलटतपासणी वाटते. त्याने जेवढे सांगितले तेवढे, किंवा त्याहून किंचित जास्त, आपण सांगावे. लोकांत जायच्या नुसत्या कल्पनेने छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्यात कमीपणा नाही.

गट चालवणाऱ्यांकडेही मागणे आहे. वार, वेळ आणि जागा बदलू नका. दोनदा भेट रद्द झाली की नवी माणसे गळतात. जुनी मंडळी घोळका करून जुन्याच आठवणी काढत उभी राहतात आणि नवखा भिंतीशी एकटा पडतो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण तो मनुष्य पुन्हा येत नाही. पहिल्या तीन भेटींपुरता त्याच्यासोबत एक जुना सदस्य नेमून द्या आणि त्याच संध्याकाळी ‘आलात, बरे वाटले’ असा निरोप पाठवा. गट पंधराच्या पुढे गेला तर थोडा वेळ तरी चौघा-चौघांत वाटून बसवा, आणि दर वेळी चौकडी बदला.

ज्यांच्या ताब्यात सभागृहे, ग्रंथालये आणि क्रीडासंकुले आहेत त्यांना विनंती अशी, की कार्यक्रम संपताच दिवे मालवून दाराला कुलूप लावू नये. वेळापत्रकात प्रत्येक कार्यक्रमानंतर अर्धा तास मोकळा धरावा, त्याचे वेगळे भाडे घेऊ नये आणि दाराजवळ चार खुर्च्या तेवढा वेळ राहू द्याव्यात.

आपले,
गटसंयोजनाचे काम करणारे काही वाचक