आधी कोल्ह्यांचा बंदोबस्त हवा

रविवार पुरवणीतील प्राणिसंग्रहालयांतल्या छोट्या वॉलबींवरचा, म्हणजे कांगारूच्या लहान भाईबंदांवरचा लेख वाचला. पिंजऱ्यात पैदास झाली म्हणजे जात वाचली, हा त्यातला सूर पटला नाही. जेमतेम चार-पाच किलोची, पांढऱ्या गळ्याची पार्मा वॉलबी नामशेष झाली असेच मानले जात होते. १९६५ मध्ये ती न्यूझीलंडच्या कवाऊ बेटावर सापडली आणि तिथून अनेक प्राणिसंग्रहालयांत गेली. मूळ मुलखात, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या जंगलातही ती तग धरून असल्याचे १९६७ मध्ये कळले, हे लेखात यायलाच हवे होते. पुढे कवाऊच्या वॉलबी तिथे सोडून पाहिल्या, तर युरोपातून आणलेल्या तांबड्या कोल्ह्यांनी त्या फस्त केल्या. तेव्हा नव्या पिंजऱ्यांआधी कोल्ह्यांच्या बंदोबस्ताला आणि ती दिवसभर ज्यांत दडून बसते त्या दाट झुडपांच्या रक्षणाला पैसा मिळाला पाहिजे.

– एक वाचक, पुणे