माणसं वाढली की गाड्या?

संपादक साहेब, नमस्कार. पर्यावरणाची वाट लागली ती लोकसंख्या वाढल्यामुळे, असं सगळे म्हणतात.

माझा जन्म १९७४ चा, तेव्हा जगात साधारण ४०० कोटी माणसं होती आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटी झाली, म्हणजे माझी पन्नाशी व्हायच्या आत डबल! आमचा ठाणे जिल्हा तर २०११ च्या जनगणनेत देशात सगळ्यात जास्त लोकसंख्येचा होता, १ कोटी १० लाख, मग २०१४ ला पालघर वेगळा काढला. पण सगळं खापर पोरांच्या संख्येवर फोडणं मला पटत नाही हो. महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी दोन पण मुलं नाहीत, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच १.७ होती. आमच्या सोसायटीत तर घरटी एक पोर आणि दोन गाड्या, वर प्रत्येक खोलीला एसी (आमच्याकडे पण एक आहे, खोटं कशाला बोलू). अमेरिकेतला माणूस सरासरी आपल्या ६-७ पट कार्बन हवेत सोडतो, तिथे कुठेय एवढी गर्दी? आणि इकडे घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराला खेटून टॉवर चढलेत, ठाणे खाडी २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेली तरी कडेला राडारोडा पडतोच, तो काय गरिबांची पोरं आणून टाकतात का?

– एक वाचक, मानपाडा, ठाणे