पैसे साहेबांना, पावलं मावशींची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत ‘चाला आणि कमवा’ हा लेख वाचला. कर्मचाऱ्यांनी चालावं म्हणून कंपन्यांनी पैसे द्यावेत, हे किती चांगलं, असा त्याचा एकूण सूर आहे. मी स्वतः अशा योजनेत दीड वर्ष काढलं आहे. आमच्या ऑफिसात तिचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवेना.

आधी लेखातल्या अर्धवट माहितीविषयी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधनाने ‘पैसे दिले की लोक चालतात’ हे सिद्ध केलं, असं तुमच्या लेखकाने ठोकून दिलं आहे. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडून मी तो २०१६चा मूळ निबंध मागवून वाचला. वजन जास्त असलेले २८१ कर्मचारी, दिवसाला सात हजार पावलांचं लक्ष्य, तेरा आठवडे. लक्ष्य गाठलं की त्या दिवसाचे १.४० डॉलर मिळणारा गट आणि एक छदामही न मिळणारा गट यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. लॉटरी लावलेल्या गटाचंही तेच. फरक पडला तो एकाच गटात. त्यांच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा करायचे आणि लक्ष्य चुकेल त्या दिवशी १.४० डॉलर कापायचे, अशी ती पद्धत. या गटाने शंभरातले ४५ दिवस लक्ष्य गाठलं, पैसे न मिळणाऱ्यांनी ३०. तेरा आठवड्यांनंतर पैसे बंद झाले आणि पुढच्या तेरा आठवड्यांत पैसे मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक उरला नाही. हे शेवटचं तुमच्या लेखात का नाही? सिंगापूरमध्येही १३ संस्थांतल्या ८०० कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग झाला, तोही २०१६मध्येच प्रसिद्ध झाला. रोख पैसे मिळेपर्यंत लोक जास्त चालले. सहा महिन्यांनी पैसे थांबल्यावर वर्षअखेरीला ते पूर्वपदावर आले होते आणि हातात पावलं मोजणारा बँड घालणारे दहातले एकच उरले होते. वजन, रक्तदाब यांत सुधारणा दिसली नाही ती नाहीच.

बेंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीचं कौतुक लेखात आहे. तिचे संस्थापक नितीन कामत यांनी २०२२मध्ये जाहीर केलेली योजना मलाही ठाऊक आहे. रोजचं लक्ष्य वर्षातले ९० टक्के दिवस गाठलं तर एक महिन्याचा पगार बोनस आणि त्यातल्या एकाला दहा लाखांचं बक्षीस. ती त्यांची कंपनी, त्यांचे पैसे. आमच्याकडे मात्र आला तो कापण्याचा प्रकार. महिन्याच्या एक तारखेला ॲपमध्ये सहाशे रुपये जमा व्हायचे आणि दहा हजार पावलं झाली नाहीत की त्या दिवशीचे वीस रुपये जायचे. (दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो आला. २०१९मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क बायकांचा अभ्यास झाला, त्यात साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. मी हे एचआरला लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.)

रक्कम वीस रुपयांचीच. पण नावावर जमा झालेले पैसे जाताना बघणं माणसाला सहन होत नाही. तापाने अंथरुणाला खिळलेले सहकारी रात्री अकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालताना मी ऐकले आहेत. आणि आमच्या मजल्यावरच्या सहा जणांनी आपले बँड मावशींकडे दिले.

मावशी म्हणजे आमच्या मजल्याच्या हाउसकीपिंगच्या मावशी. नाव लिहीत नाही, त्यांना आणखी त्रास नको. सकाळी साडेसातला हजर. लादी पुसणं, सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवणं, दोन वेळचा चहा टेबलांवर पोचवणं, दर दोन तासांनी स्वच्छतागृह धुऊन दारामागच्या तक्त्यावर सही करणं. दिवसभरात त्या बसलेल्या मी फक्त डबा खाताना पाहिल्या. ‘मावशी, एवढं खिशात ठेवा, संध्याकाळी घेतो,’ असं म्हणून एकाने बँड दिला, मग दुसऱ्याने, असे सहा झाले. दोघांनी महिन्याला शंभर रुपये कबूल केले होते, बाकीच्यांनी तेही नाही. मावशींना वाटायचं ही साहेबांची घड्याळं आहेत. पुसताना पाणी लागू नये म्हणून त्या ती रुमालात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात ठेवायच्या. घड्याळं हातात घालायची सोडून आपल्याकडे का देतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. साहेबांना काय विचारायचं?

असे साडेतीन महिने गेले. मग ॲपवाल्यांच्या लक्षात आलं की सहा जणांच्या पावलांचे आलेख हुबेहूब सारखे आहेत, अकरा ते सव्वाअकरा सगळ्यांचे एकदम चढतात आणि पावणेदोनला एकदम सपाट होतात. पावणेदोनला मावशी डबा खायच्या.

त्या सहा जणांना समज देणारा एक मेल गेला आणि त्या महिन्याचे सहाशे परत घेतले. मावशींच्या ठेकेदाराला फोन गेला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

मी एचआरमध्ये जाऊन विचारलं, यात त्यांचा दोष काय? ‘त्या आपल्या रोलवर नाहीत, हा व्हेंडरचा विषय आहे,’ असं उत्तर मिळालं. संपादक महाराज, मी अकाउंट्समध्ये आहे. बँड, ॲप आणि बक्षिसं यांचं बिल माझ्याच टेबलावरून जातं आणि ठेकेदाराचंही. एका वर्षाच्या त्या बिलात मावशींसारख्या चौघींचा वर्षाचा पगार निघाला असता. त्या मजल्यावर सगळ्यात जास्त चालणारी बाई कोण, हे कंपनीकडे साडेतीन महिने मिनिटामिनिटाच्या हिशेबासकट नोंदलेलं होतं. त्या पावलांचे पैसेही दिले गेले, पण बसलेल्यांना. आणि उघडकीला आल्यावर काम गेलं ते चालणारीचं.

माझे वडील पोस्टमन होते. तीस वर्षं आधी पायी, मग सायकलवर, आमच्या तालुक्याच्या वाड्या-वस्त्या त्यांनी पायाखाली घातल्या. टपाल खात्याचा सायकल भत्ता २०१७मध्ये वाढून किती झाला, माहीत आहे? महिना ९० रुपयांचा १८०. हा पोटासाठी पाय झिजवणाऱ्यांचा दर. एसीत बसणाऱ्याने जेवणानंतर शतपावली करावी म्हणून त्याला सहाशे! हे वाचून कुणी मला चालण्याच्या विरोधात काढू नये. मला मधुमेह आहे, मी रोज पाऊण तास चालते आणि बँड कधीच काढून ठेवला आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्यांचं कामच चालण्याचं आहे, त्यांचं चालणं आरोग्य म्हणून कुणी मोजत नाही आणि मेहनत म्हणूनही मोजत नाही.

गेल्या आठवड्यात मावशी मला बस स्टॉपवर भेटल्या. आता दुसऱ्या इमारतीत लागल्या आहेत, पगार सातशेने कमी आणि बसने उतरून पुढे दोन किलोमीटर पायी. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘ताई, त्या साहेबांची घड्याळं सगळ्यांना परत मिळाली ना? माझ्याकडं एक बी ऱ्हायलं नाही.’ आपल्याला चोरीवरून काढलं, अशी त्यांची समजूत आहे. चार महिने त्या तशाच समजुतीत होत्या. मला जे सांगता आलं ते सांगितलं, पण रस्त्यात उभं राहून किती सांगणार?

रस्त्यात म्हणजे खरोखरच रस्त्यात. तिथल्या फुटपाथवर चारचाकी लावलेल्या, उरलेल्या जागेत विजेचा डीपी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. आम्ही दोघी गाड्यांच्या बाजूने उभ्या होतो. चालण्याजोगे, अडथळे नसलेले फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये सांगितलं. त्याआधी २०२२मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, हा केंद्राच्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. मावशी रोज पहाटे अंधारात त्या दोन किलोमीटरवर असतात. चालण्याला प्रोत्साहन म्हणून आमच्या कंपनीला आणि आमच्या पालिकेला काही करायचंच असेल, तर तिथून करावं.

तुमच्या लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या रविवारी संशोधनाचा राहिलेला अर्धा भाग छापा. आणि अशा योजना चालवणाऱ्या कंपन्यांना एक प्रश्न विचारून त्यांची उत्तरं नावानिशी द्या: ठेकेदाराकडून आलेल्या कामगारांना तुमच्या योजनेत घेतलंय का? आमच्या कंपनीचं उत्तर मला माहीत आहे. तरी त्यांनाही विचारा, पत्ता मी वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे, तो छापू नये.

माझं नावही छापू नये, नोकरीची अजून सहा वर्षं आहेत.

आपली,
एक नियमित वाचक