पपनस आणि गोळी

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, आधी आईवर चिडू नका. तिने फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं की तुमची रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी पंधरा दिवस बंद आहे. मला संशय होताच. गणपतीत कॅलेंडर काढलं तेव्हा मागे खोचलेलं पाकीट खाली पडलं, तर दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी.

गोळीऐवजी रोज एक सफरचंद पुरे, हा तुम्ही पाठवलेला मेसेज वाचला. तो अगदीच खोटा नाही, म्हणूनच जास्त वाईट. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये खरंच असा हिशोब मांडला होता, की पन्नाशीपुढच्या सगळ्या ब्रिटिशांनी रोज एक सफरचंद खाल्लं तर हृदयविकार आणि पक्षाघाताचे मृत्यू जवळजवळ कोलेस्टेरॉलच्या गोळीइतकेच कमी होतील. पण तो कागदावरचा हिशोब, आणि त्यात गोळीचा फायदा धरला तोही ज्यांची ती अजून सुरू नाही त्यांना दिली तर एवढाच. ज्यांची चालू आहे त्यांनी ती सोडून सफरचंदावर जाऊ नये, हेही त्यांनीच सांगितलंय. मेसेज पुढे ढकलणाऱ्याने नेमकं तेवढंच गाळलं. आणि तुमची तर अँजिओप्लास्टी झालेली!

फळं सोडा असं मी म्हणतच नाही. परसातला पेरू खा, सफरचंद सालासकट खा. रस गाळू नका, चोथाच कामाचा. त्यातला विरघळणारा तंतू पित्ताला धरून पोटाबाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. गोळीचं काम वेगळं. ती यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणंच कमी करते, म्हणून मग ते रक्तातून ओढावं लागतं. पेरूची ओढ थोडी, गोळीची मोठी. दोन्ही असू द्या.

आता खरी गोम. आई, तू पपनस सोलून, पाकळ्या सुट्या करून, वर मीठ-तिखट भुरभुरून वाटी पुढे ठेवतेस आणि बाबा अख्खं फळ संपवतात. ते बंद. बाबांची गोळी अटोरवास्टॅटिन आहे. तिचा काही भाग रक्तात पोचायच्या आधीच आतड्यात मोडला जातो, आणि पपनस, ग्रेपफ्रूट ही मंडळी ती मोडणारी यंत्रणाच बंद पाडतात. मग तेवढ्याच गोळीचा डोस अंगात जास्त होतो. पोटऱ्या-मांड्या दुखतात, क्वचित मूत्रपिंडावरही येतं. सकाळी पपनस, रात्री गोळी ही पळवाटही नाही, कारण परिणाम दिवसभर आणि त्याहून जास्तही टिकतो. आधी एखादी पाकळी खाल्ली म्हणून आकाश कोसळलेलं नाही, पण रोजचा रतीब नको. संत्रं खुशाल खा.

बाबा, मागे तुम्ही पोटऱ्या दुखतात म्हणालात ते कशाने, मला माहीत नाही. गोळीने असेल तर डॉक्टर डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. सगळ्या गोळ्यांचं पपनसाशी वाकडं नसतं. सोमवारी जाऊन या, आणि पंधरा दिवस घेतली नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगा. मागचा रिपोर्ट टीव्हीखालच्या खणात आहे.

झाडावरची उरलेली पपनसं कुणाला वाटू नका. दिवाळीला येतेय, आणि मला कसलीच गोळी नाही.

तुमची,
माई