वेव्हेल यांचे पाठांतर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

युद्धकाळातील सेनाधिकाऱ्यांच्या वाचनावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र जवळ पुस्तक नसतानाही ज्याचे वाचन चालू असे, अशा एका अधिकाऱ्याचा उल्लेख त्यात राहून गेला, म्हणून हे पत्र.

फील्ड मार्शल वेव्हेल आपल्याला आठवतात ते १९४५च्या सिमला परिषदेतले अबोल व्हाइसरॉय म्हणून. १९१५ साली ईप्रच्या लढाईत डावा डोळा गमावलेल्या या माणसाने ‘अदर मेन्स फ्लॉवर्स’ हा इंग्रजी कवितांचा संग्रह सिद्ध केला आणि तो महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, लंडनहून प्रसिद्ध झाला. निवडीची अट एकच होती: जी कविता आपल्याला कधीतरी पूर्ण किंवा बहुतांशी मुखोद्गत होती, तीच घ्यायची. ब्राउनिंग आणि किपलिंग यांचा भरणा त्यामुळेच. फ्रान्सिस थॉम्पसनच्या ‘द हाउंड ऑफ हेवन’ या दीर्घ कवितेवरील त्यांची टीप तर मुद्दाम वाचावी अशी आहे. ही कविता आपण गोळीबारात, खवळलेली इंग्लिश खाडी ओलांडताना आणि शरीराच्या वा मनाच्या यातनेत पुटपुटत आलो, असे ते लिहितात. आमच्या आजीचे रामरक्षेशी याहून वेगळे नाते नव्हते; आपण मात्र पाठांतराला सरसकट घोकंपट्टी म्हणून मोकळे होतो.

त्यांची आवड जुन्या वळणाची होती, हे मान्य करावे लागेल. खुद्द त्यांच्या मुलाचेही तेच मत होते आणि वडिलांनी ते पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच नोंदवून टाकले. शिवाय ज्या वर्षी हा संग्रह निघाला, त्याच वर्षी त्यांच्याच सरकारच्या कैदेत, अहमदनगरच्या किल्ल्यात, पंडित नेहरू ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते, ही गोष्ट भारतीय वाचकाला नजरेआड करता येत नाही.

फ्रेंच निबंधकार मोंतेन्यकडून घेतलेल्या शीर्षकाप्रमाणे संग्रहातली फुले दुसऱ्यांची. स्वतःचे एकच सुनीत त्यांनी अगदी शेवटी, ‘फाटकाबाहेर’ अशा अर्थाच्या वेगळ्या विभागात ठेवले आणि त्याला रस्त्याकडेचे रानफूल म्हटले.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे