आधी खण उपसा, डबे मग आणा

महोदय,

घर आवरण्याविषयी छापून येणाऱ्या सल्ल्यांत पहिला सल्ला बहुधा डबे आणि टोपल्या आणण्याचा असतो. गाडी रुळावरून घसरते ती इथेच. खणाची आतली उंची न मोजता आणलेला डबा एखाद्या सेंटिमीटरने अडतो, खण बंद होत नाही आणि तो डबाच नवी अडगळ होऊन बसतो.

सुरुवात एका खणापासून करावी, तीही २० मिनिटांचा गजर लावून. अख्खे कपाट एका दिवसात काढायला घेतले, तर रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळे पुन्हा आत कोंबले जाते. खण पूर्ण उपसून सारख्या वस्तू एकत्र मांडल्या की तीन कात्र्या आणि चार चिकटपट्ट्या निघतात. जागा ठरलेली नसते, वस्तू सापडत नाही, म्हणून दुसरी आणली जाते. ठेवायचे काय ते ठरल्यावर आठवडाभर बुटांच्या किंवा मोबाइलच्या रिकाम्या खोक्यांवर काम भागवावे. ती मांडणी टिकली तरच माप घेऊन डबे आणावेत.

खण गच्च भरू नये, साधारण पाचवा हिस्सा मोकळा असावा. वस्तू काढताना आपल्याला तिची गरज असते, त्यामुळे थोडी खटपट चालते. परत ठेवताना गरज संपलेली असते. दोन डबे हलवून, झाकण उघडून मग ठेवायचे असेल, तर ती वस्तू टेबलावरच पडणार. म्हणून रोजच्या वस्तूंना खुंटी किंवा बिनझाकणाची टोपली हवी, आणि तीही खांद्यापासून मांडीपर्यंतच्या उंचीत. माळ्यावर वर्षातून एकदोनदा लागणारे सामान ठेवावे.

खुर्चीवर साठणाऱ्या कपड्यांना आळस म्हणणे मला पटत नाही. एकदा घातलेले कपडे धुवायला टाकण्याइतके मळलेले नसतात आणि धुतलेल्या कपड्यांतही ठेववत नाहीत. त्यांना घरात जागाच नसते. दारामागे माणशी दोन खुंट्या ठोका. त्या भरल्या की एक कपडा धुवायला टाका. खुर्ची मोकळी होते.

कागदांत सर्वांत फसवी म्हणजे दुकानातली गुळगुळीत पावती. तिच्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षरे उमटवलेली असतात. नखाने जोरात घासल्यावर काळी रेघ उठली, तर ती याच जातीची समजावी. ऊन लागले, गरम जागी राहिली किंवा काही प्रकारच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की ती पुसट होत जाते आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद येतो. त्याच दिवशी फोटो किंवा झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला जोडून ठेवावी.

वायरींच्या खणात प्रत्येक अडॅप्टरवर कागदी चिकटपट्टी लावून यंत्राचे नाव लिहावे. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतोच असे नाही; ५ व्होल्टच्या यंत्राला १२ व्होल्टचा लावला तर ते जळू शकते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र तशीच खणात टाकू नये. तिची दोन्ही टोके शेजारी शेजारी असतात, किल्ली किंवा टाचणी आडवी लागली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावायला दहा सेकंद पुरतात.

ज्यांचा निर्णय होत नाही त्या वस्तू एका खोक्यात घालून बाहेरून ठळक तारीख लिहावी. सहा महिन्यांत खोके उघडले गेले नाही, तर त्यातले बहुतेक सामान देऊन टाकायला हरकत नसावी. दुसऱ्याच्या वस्तू मात्र त्याला विचारल्याशिवाय काढू नयेत. एकदा असे झाले की तो माणूस फाटकी पिशवीसुद्धा लपवून ठेवू लागतो. आणि द्यायचे ठरलेले सामान त्याच आठवड्यात घराबाहेर पडावे. दाराशी ठेवलेली पिशवी जास्त दिवस राहिली, की कुणीतरी ती उघडून 'हे असू दे' म्हणत निम्मे परत आत नेतेच.

- एक वाचक